सुरखीचं कोर्ट आणि गुगाचा खेळ: सातारा-सांगलीत मातीवरचं टेनिस कसं रुजवायचं

अर्जेंटिनात टेनिसच्या मातीच्या कोर्टाला 'पोल्वो दे लाद्रीशो' म्हणतात, म्हणजे विटांची भुकटी. आपल्याकडचे जुने गवंडी याच वस्तूला सुरखी म्हणतात. दक्षिण अमेरिकेतले कितीतरी मोठे खेळाडू या भुकटीवर घडले. १९७७ साली मातीवर सलग ५३ सामने जिंकणारा गिलेर्मो व्हिलास त्यातलाच. २००४ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात पहिले दोन सेट हरून, दोन मॅच पॉइंट वाचवून विजेता ठरलेला गास्तोन गौदिओही त्यातलाच. पण शिकण्यासाठी एकच कारकीर्द निवडायची असेल तर ब्राझीलच्या गुस्तावो कुएर्तेनची निवडावी. सगळे त्याला गुगा म्हणतात.

१९९७ मध्ये गुगा फ्रेंच ओपन खेळायला पॅरिसला गेला तेव्हा तो जगात ६६ व्या क्रमांकावर होता आणि व्यावसायिक टेनिसच्या मुख्य दौऱ्यावरची एकही स्पर्धा जिंकलेला नव्हता. मुस्टर, काफेल्निकोव्ह आणि ब्रुगेरा या तीन माजी विजेत्यांना हरवून त्याने ती स्पर्धा जिंकली. पुढे २००० आणि २००१ मध्ये पुन्हा जिंकली. त्याच्या खेळातलं जवळजवळ सगळं जमिनीतून आलेलं आहे. म्हणून सुरुवात रॅकेटपासून न करता जमिनीपासून करू.

जागा आणि थर

मैदान ३६.६ मीटर लांब आणि १८.३ मीटर रुंद लागतं. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळच्या खेळात एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांत सूर्य येतो. मिरज, पलूस, वाळवा, कराड या पट्ट्यात खाली काळी माती असते आणि ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोर्ट बांधलं तर पहिल्याच मे महिन्यात बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या मागच्या रेषेवर, बोटभर भेग पडते. वरून कितीही माती ओतली तरी ती पुन्हा उघडते. काळी माती निदान ४५ सेंटीमीटर काढून टाका आणि त्या खड्ड्यात मुरूम भरून, दर १५ सेंटीमीटरला पाणी मारून दाबत या. माण, खटाव, जतकडे बहुतेक ठिकाणी मुरूम वरच लागतो, तिथे हा खर्च वाचतो.

या तयार पायावर पहिला थर ४० मिलिमीटर खडीचा, १५ सेंटीमीटर. साधारण ३६ ब्रास खडी लागेल. तिच्यावर मुरूम, दाबून १० सेंटीमीटर. दाबल्यावर तो बसतो, म्हणून ३० ब्रास मागवा. तिसरा थर बारीक चाळलेला मुरूम आणि क्रशरची कच निम्मी-निम्मी, दाबून साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे सुमारे १० ब्रास माल. पॅरिसच्या कोर्टांत या जागी चुनखडीचा चुरा असतो. त्याचं काम ओल धरून ठेवायचं आणि वरच्या सुरखीला खालून ती पुरवायची. कच एकटी वापरली तर ती पाणी सोडून देते, मुरूम एकटा वापरला तर पावसात लिबलिबीत होतो, म्हणून मिश्रण.

उतार एकाच दिशेने, रुंदीतून द्या. १८ मीटरमध्ये ५ ते ६ सेंटीमीटर पुरे. नेटच्या जागी उंचवटा करून दोन्हीकडे उतार देण्याची पद्धत चुकीची आहे. तशाने बेसलाइन नेटच्या मानाने खाली जाते आणि पाणी नेमकं खेळाडू उभा राहतो तिथेच साचतं. प्रत्येक थराला पाण्याची लेव्हल लावा, शेवटच्याच थराला लावून भागत नाही.

सुरखी कशी ओळखायची

नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर तुकड्यांचा ढीग पडलेला असतो आणि स्वस्तात मिळतो. पण सगळे तुकडे चालत नाहीत. कमी भाजलेली वीट पाण्यात परत माती होते. जास्त भाजून काळी पडलेली वीट काचेसारखी फुटते, तिचे कण टोकदार असतात आणि पडलेल्या पोराचा गुडघा सोलतात. काही भट्ट्यांवर मातीत राख जास्त मिसळतात. ती सुरखी हलकी असते आणि वाऱ्यावर उडते. टणटण वाजणारे, आतपर्यंत एकसारखे लाल तुकडेच वेचून घ्या.

दळून आणलेली मूठभर सुरखी काचेच्या ग्लासात पाण्यात टाका, ढवळा, तासभर ठेवा. कण तळाशी बसून वरचं पाणी बऱ्यापैकी निवळलं तर माल चांगला. पाणी गढूळच राहिलं तर परत पाठवा. दळल्यावर २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. त्यात भुकटीपासून बारीक रव्यापर्यंत सगळे आकार असावेत, कारण नुसती भुकटी चिकटते आणि नुसता रवा घसरतो.

पहिल्या वेळी अंदाजे दोन टन सुरखी लागते. ती एकदम ओतू नका. एक मिलिमीटर पसरा, पाणी मारा, २०० ते ३०० किलोचा हातरोलर फिरवा, मग दुसरा मिलिमीटर. इथे आपल्या भागातला नेहमीचा घोटाळा होतो. लाल माती म्हटली की तालमीचा हौदा डोळ्यांसमोर येतो आणि जाड, मऊ थर घातला जातो. हौद्यातली माती अंग झेलण्यासाठी असते, तिला ताक, तेल, हळद पाजलेली असते. टेनिसला याच्या बरोबर उलटं हवं: खाली दगडासारखं घट्ट आणि वर फक्त दोन मिलिमीटर सुटं. थर जाड झाला की घसरणारा पाय अडकतो आणि घोटा मुरगळतो.

आखणी आणि रोजची निगा

दुहेरीच्या चौकटीची लांबी २३.७७ मीटर आणि रुंदी १०.९७ मीटर. काटकोन जमलाय का हे कर्ण मोजून पाहा. दोन्ही कर्ण २६.१८ मीटर भरले पाहिजेत. एकेरीची रुंदी ८.२३ मीटर, सर्व्हिस लाइन नेटपासून ६.४० मीटरवर. नेट मधोमध ९१.४ सेंटीमीटर, खांबाशी १.०७ मीटर. रेषा फक्कीने मारा. ठोकायच्या पट्ट्या दिसायला छान, पण आजूबाजूची सुरखी झिजली की पट्टीची कड वर येते, चेंडू वेडावाकडा उडतो आणि पाय अडखळतो. फक्कीत कळीचा चुना मिसळू नका, तो डोळ्यांत गेला तर इजा होते.

पाणी हा रोजचा खरा खर्च. एप्रिल-मे महिन्यात एका कोर्टाला दिवसाला दीड ते दोन हजार लिटर धरा. मोठं पाणी रात्री, खेळ संपल्यावर, म्हणजे ते खालच्या थरापर्यंत मुरतं. खेळाआधी फक्त धूळ बसण्यापुरता शिडकावा. उसाच्या शेतातले तुषार सिंचनाचे नोझल यासाठी उत्तम चालतात. पाइपची जाड धार मारली तर सुरखी वाहून एका कोपऱ्यात जमते. पाण्याची टंचाई असलेल्या गावात दोन कोर्टांचा हट्ट धरू नका. एकच कोर्ट ओलं ठेवा. कोरड्या कोर्टावर वरचा थर मार्चच्या वाऱ्याबरोबरच निघून जातो.

प्रत्येक सेटनंतर काथ्याची चटई किंवा जुनी मासेमारीची जाळी बाहेरच्या कडेपासून गोल फिरवत आत आणा. उलट, आतून बाहेर ओढली तर वर्षभरात सगळी सुरखी कुंपणाशी जाते. हे काम पोरांनीच करावं. कोर्ट कुठे मऊ, कुठे निसटतं हे चटई ओढणाऱ्याच्या हाताला कळतं. जून ते सप्टेंबर पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे कोर्ट बंदच ठेवा. ऑक्टोबरात वरचा शेवाळलेला पापुद्रा खरवडून नवी सुरखी द्या.

पाय आधी, हात नंतर

सुरखीवर चेंडूचा पुढे जाण्याचा वेग घर्षणाने कमी होतो आणि तो जास्त उभा उसळतो. त्यामुळे सिमेंटवर जो फटका गुण मिळवून देतो तो इथे परत येतो, आणि खेळाडूला एका गुणासाठी आठ-दहा फटके मारायची तयारी ठेवावी लागते. त्यासाठी घसरणं यायलाच हवं.

बुटाचा तळ माशाच्या काट्यासारख्या सलग नक्षीचा घ्या. पहिले दोन आठवडे चेंडू नकोच. पाच-सहा पावलं पळत जायचं, शेवटचं पाऊल बाहेरच्या पायाचं, पंजा जाण्याच्या दिशेने, गुडघा वाकलेला, आणि अर्धा ते एक मीटर घसरायचं. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. मग हाताने टाकलेला चेंडू. चेंडूला रॅकेट लागते ती घसरण संपता संपता. बहुतेक मुलं आधी फटका मारतात आणि नंतर घसरतात. दिसायला ते सारखंच, पण त्यात तोल बाहेर जातो आणि परत मधे यायला दोन पावलं जास्त लागतात. पंजा आडवा ठेवून घसरणारं मूल दिसलं तर तिथेच थांबवा, घोट्याला इजा तशानेच होते.

तार आणि उंच फटका

१९९७ मध्ये गुगाच्या रॅकेटला लक्सिलॉनची पॉलिएस्टर तार होती. तेव्हा बरेच मोठे खेळाडू नैसर्गिक, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या, तारेवर खेळत. पॉलिएस्टरची तार चेंडू लागताना बाजूला सरकते आणि झटकन जागेवर येते, त्यामुळे चेंडूला जास्त फिरकी मिळते. खेळाडू पूर्ण ताकदीने हात फिरवू शकतो आणि तरी चेंडू आत पडतो. ही तार कडक असते. १५-१६ वर्षांखालच्या मुलांच्या रॅकेटला ती लावू नका, कोपर आणि खांदा दुखावतो. त्यांना मऊ, बहुपदरी तार द्या. मोठ्या मुलांना २१ ते २३ किलो ताण पुरे. दहा-बारा तासांच्या खेळानंतर पॉलिएस्टरचा ताण मरतो. तुटली नाही म्हणून तीच तार तीन-तीन महिने ठेवणं ही पैशाची बचत नाही, कोपराचं नुकसान आहे.

सरावासाठी नेटच्या दोन्ही खांबांना बांबू बांधा आणि जमिनीपासून १.८ मीटरवर दोरी ताणा. प्रत्येक फटका दोरीवरून जाऊन सर्व्हिस लाइनच्या पलीकडे पडला पाहिजे. बॅकहँड तिरके, ओळीने २०. एक चुकला की पहिल्यापासून मोजायचं. बेसलाइनच्या दोन मीटर मागे उभं राहून सुरू करा, कारण गुगाही मागे उभा राहून चेंडूला वेळ द्यायचा. चेंडू सतत सर्व्हिस लाइनच्या आत पडत असतील तर मनगट लवकर वळतंय किंवा वजन मागच्या पायावर राहिलंय. दोरीला लागत असतील तर रॅकेट चेंडूच्या खाली पुरेशी गेलेली नाही.

गुगाचा एकहाती बॅकहँड पाहून पोरं भुलतात. तो १.९० मीटर उंच होता. खांद्यापर्यंत उसळलेला चेंडू त्याला सोयीचा पडायचा. बारा वर्षांच्या मुलाच्या तोच चेंडू डोक्यावरून जातो. बुटक्या मुलासाठी अर्जेंटिनाचा दिएगो श्वार्ट्झमन पाहावा: उंची १.७० मीटर, दोन्ही हातांचा बॅकहँड, चेंडू उसळतानाच घ्यायची सवय, आणि जागतिक क्रमवारीत आठव्यापर्यंत मजल. एकहाती फटका शिकवायचाच असेल तर चौदाव्या वर्षानंतर, खांद्यात बळ आल्यावर.

स्पर्धांचं गणित

दक्षिण अमेरिकेतल्या मुलाला घराजवळ मातीवरच्या स्पर्धा मिळतात, आणि वरच्या पातळीवर फेब्रुवारीत ब्युनोस आयरेस, रिओ, सँतियागोची ओळ असते. आपल्याकडे राज्य आणि राष्ट्रीय मानांकनाच्या बऱ्याच स्पर्धा सिमेंटच्या कोर्टावर होतात. म्हणून आठवड्याचे चार दिवस सुरखी, दोन दिवस सिमेंट, आणि स्पर्धेआधीचे दोन आठवडे फक्त सिमेंट. अठरानंतर पुढे जायचं असेल तर एम १५, एम २५ (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या खालच्या पायरीच्या स्पर्धा) आणि मग त्यावरची पायरी चॅलेंजर हाच क्रम. त्यातल्या मातीवरच्या स्पर्धा आधीच हेरून ठेवा, कारण सुरखीवर घडलेल्या पोराला जागतिक क्रमवारीचे पहिले गुण तिथे मिळण्याची शक्यता जास्त.

२००० च्या अखेरीस लिस्बनला बंदिस्त सभागृहात, कडक कोर्टावर गुगाने ओळीने सँप्रास आणि अगासीला हरवलं आणि वर्षअखेरचा अव्वल क्रमांक मिळवला. मातीवर घडलेला खेळ बाहेरही चालतो, फक्त फटक्याची तयारी लवकर करावी लागते. सिमेंटच्या दोन दिवसांत नेमकं तेच घोटवा: चेंडू नेट ओलांडायच्या आत खांदे वळलेले हवेत.

खुबा

गुगाची कारकीर्द खुब्याने संपवली. २००२ मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो २५ वर्षांचा होता. २००४ मध्ये त्याने पॅरिसला फेडररला सरळ सेटमध्ये हरवलं, पण त्याच वर्षी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली आणि २००८ मध्ये त्याच पॅरिसच्या मातीवर तो थांबला. मोकळ्या पवित्र्यात, म्हणजे छाती नेटकडे ठेवून, बाहेरच्या पायावर वजन टाकून कमरेतून जोरात वळणं, आणि तेच हजारो वेळा, याचा सगळा भार खुब्यावर येतो.

म्हणून पहिल्या वर्षापासून आठवड्यातून तीन दिवस: कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं १५ वेळा, एका पायावर अर्धी बैठक १० वेळा, आणि उताणं झोपून पाय जमिनीला टेकवून कंबर उचलणं १५ वेळा, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या. तालमीतल्या बैठका पोरं आधीच मारत असतील तर चांगलंच, पण त्या दोन्ही पायांवरच्या असतात. एका पायाची बैठक वेगळी घ्यावीच लागते. वाढत्या वयात सलग तीन दिवसांपेक्षा जास्त जोराचा खेळ नको. मूल मांडी घालून बसताना जांघेत दुखतं म्हणालं, किंवा बूट घालताना पाय आत वळवायला कचरलं, तर त्याच दिवशी खेळ बंद करा. तेल चोळून आठवडा ढकलू नका, मिरजेला किंवा जवळच्या शहरात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तेवढे दिवस मुलाच्या हातात चटई द्या, रॅकेट नको.