बायकोची किमो चालू असली तर घरी काय काय बघायचं

माझ्या बायकोला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि मग दर २१ दिवसाला किमो, अशा सहा. आम्ही जालना जिल्ह्यातले, दवाखाना संभाजीनगरला. किमोच्या दिवशी तिथं नर्स असते, डॉक्टर असतात, पण सलाईन संपली की आपण गाडीत बसून गावाकडं येतो आणि पुढचे २० दिवस सगळं आपल्याच हातात असतं. ज्यांच्या घरी हे आत्ता सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहायलोय.

सगळ्यात आधी डिजिटल थर्मामीटर घ्या. किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या मधी पांढऱ्या पेशी लई खाली जातात, इन्फेक्शन झालं तरी बाहेरून काहीच दिसत नाही, कधी कधी नुसता ताप तेवढी एक खूण असते. १००.४ किंवा त्याच्या वर गेला की लगेच दवाखान्यात फोन लावायचा आणि निघायचं, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी, गाडी नसली तर १०८. डॉक्टरला विचारल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नाही, गोळीनं ताप झाकला जातो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. मी इथंच चुकलो. पहिल्या किमोच्या नवव्या दिवशी तिला कणकण होती, विचारलं तर म्हणली, "काय नाही ओ, ऊन लागलं असंल", मी गोळी दिली आणि झोपलो, पहाटे हुडहुडी भरली, मग चार दिवस ॲडमिट. नंतर कळलं की आदल्या दुपारपासूनच अंग तापलेलं होतं, पण परत गाडीभाडं जाईल म्हणून ती बोलली नाही. दुखणं अंगावर काढायची सवय असती बायकांना. म्हणून नुसतं विचारून भागत नाही, मोजायचं. सकाळ-संध्याकाळ ताप, किती वेळा उलटी, संडास झाली का, जेवण किती गेलं, तारीख टाकून वहीत लिहा. डॉक्टरपुढं ती अजूनही "बरं होतं सगळं" म्हणती, मग मी वही पुढं करतो.

पाणी उकळूनच. उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर येतो, त्या पाण्याचा काय भरोसा, तिचा माठ वेगळा ठेवला आणि त्यात कुणी हात बुडवायचा नाही, ओगराळ्यानंच घ्यायचं. कच्ची काकडी, कांदा, बाजारातलं कापून ठेवलेलं फळ बंद.

भेटायला येणाऱ्यांचं जरा कडक राहा. अख्खी भावकी येती, प्रेमानंच येती, पण त्यांना अंगणात बसवा, चहा पाजा, ज्याला सर्दी-खोकला असेल त्याला आत सोडू नका, राग आला तर येऊ द्या. येताना सगळे मोसंबी आणतात आणि तोंड आलेलं असलं तर मोसंबीनं नुसती आग होती. त्याला कपभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा टाकून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. दुधात कुस्करलेली भाकरी, मुगाची पातळ खिचडी जाती. फोडणीच्या वासानं तिला मळमळायचं म्हणून मी फोडणी बाहेर चुलीवर द्यायलो. उलटीची गोळी मळमळायची वाट न बघता लिहून दिलेल्या टायमालाच द्या.

पहिले दोन दिवस औषध लघवीतून, उलटीतून बाहेर पडतं, साफ करताना हातमोजे घाला, तिचे कपडे वेगळे धुवा, संडासात दोनदा पाणी टाका.

काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूच्या हातानं हंडा-घागर उचलू देऊ नका, सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला, घट्ट बांगड्या काढून ठेवा, हात सुजला तर लगेच दाखवा. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम आम्ही दोघं सोबत करायचो, नाहीतर ती टाळायची.

दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. आधी बारीक करायचे का ते तिलाच विचारा. माझी नको म्हणली, मग उशीवर पुंजके दिसायले आणि एका सकाळी तिनंच कात्री आणून हातात दिली. मी कापले. "परत येतील" असं सारखं म्हणू नका त्या वेळी, जवळ बसा.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसतंय का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. रेल्वेत उपचाराला जाताना कॅन्सर पेशंटला स्लीपरला तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सूट, दवाखान्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो.

आणि घरातलं काम तुम्ही करा, पण घर तिच्याकडनं काढून घेऊ नका. मी सुरुवातीला कपाटाची किल्लीसुद्धा माझ्याकडं ठेवली, तिला त्रास नको म्हणून, तर ती दोन दिवस धड बोललीच नाही. आता पोरांची फी कधी भरायची, किराणा काय आणायचा, कुणाच्या लग्नात किती आहेर, सगळं ती खाटेवरनं सांगती आणि मी करतो. सहावी किमो होऊन चार महिने झाले, थकवा अजून आहे, परवा स्वतः उठून दोन भाकरी थापल्या आणि तिसरीचं पीठ माझ्याकडं सरकवलं.