ओशिवऱ्यात फर्निचर घेताना

मुंबईत जुन्या घाटाचं सागवानी फर्निचर हवं असेल तर जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा बाजार पालथा घालावा. मात्र ‘अँटिक’ म्हणून दाखवलेलं बरंचसं जुन्या लाकडातून नव्याने घडवलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव अँटिकचा देऊ नका.

चकचकीत पॉलिशवर भाळण्याआधी खण पूर्ण बाहेर ओढा आणि तळ, मागची बाजू पाहा. वरच्या फळीच्या लाकडाच्या रेषा कडेवरून पुढे जुळत गेल्या तर लाकूड भरीव; कडेला वेगळी पट्टी दिसली तर बहुधा प्लायवर व्हिनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ थर. बारीक भोकं आणि खाली ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे, तो नग सोडा. शक्य असेल तर पॉलिशआधीच वस्तू बघून घ्या. लांबी (पुट्टी) भरून बुजवलेल्या भेगा तेव्हाच दिसतात.

सोफ्याला फोमची घनता विचारा: बैठकीला ३२ किंवा ४० (किलो प्रति घनमीटर) आणि तीच बिलावर लिहून घ्या.

आणि हो, लिफ्टचं माप! तीन आसनी सोफा आत मावला नाही तर मजल्यागणिक हमाली पडते. ती आधीच ठरवा.