दोन पेडलच्या गाडीत गिअरबॉक्स कोणता, हे कसं ओळखायचं?

सेकंडहँड गाडी दाखवणारा "ऑटोमॅटिक आहे" एवढंच सांगतो. त्यावर भागत नाही. ती एएमटी (मॅन्युअलवर यंत्र बसवलेली), टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद देणारी), सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा आणि पुली) किंवा डीसीटी (दोन क्लचची) यांपैकी काहीही असू शकते. चौघांची ऑइलं वेगळी, घाटात चालवायची रीत वेगळी आणि बिघडल्यावरचं बिल तर फारच वेगळं.

आधी पायाखाली बघा. क्लचसकट तीन पेडल असतील तर मॅन्युअल, विषय संपला. पेडल दोनच, पण दांड्यावर 1-2-3-4 असे आकडे असतील तर ती आयएमटी. ह्युंदाई व्हेन्यूत 2020 मध्ये आली. गिअर तुम्हीच टाकायचे, क्लच तेवढा यंत्र सांभाळतं.

आकडे नसतील तर दांड्याशेजारची अक्षरं वाचा आणि फक्त 'पी' (पार्क) शोधा. नसेल तर गाडी जवळपास नक्की एएमटी. मारुतीत आर-एन-डी-एम दिसतं, टियागोत डीच्या जागी ए, आणि जुन्या क्विडमध्ये दांड्याऐवजी डॅशबोर्डवर गोल बटण. आपल्याकडे हा प्रकार 2014 च्या सेलेरिओपासून रुळला. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबणं आणि गिअर बदलणं एवढं काम वर बसवलेला अ‍ॅक्च्युएटर करतो. म्हणून क्लच प्लेट मॅन्युअलसारखीच झिजते. कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या चढावर गर्दीच्या दिवशी ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवली की जळका वास येतो, तो या प्लेटचाच.

'पी' असेल तर बाकीच्या तिघांतली कोणती, हे रस्त्यावर कळतं. गोकुळ शिरगावच्या बाजूला हायवेवर मोकळा पट्टा मिळाला की दांडा डीमध्येच ठेवा. एस किंवा स्टिअरिंगमागची पॅडल वापरू नका, कारण त्यात सीव्हीटीसुद्धा खोटे गिअर दाखवते. 20 च्या वेगावरून अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याहून थोडा जास्त दाबून तसाच धरा. रस्ता तुम्ही बघा, आरपीएमचा काटा शेजारच्याला बघू द्या.

काटा वर जाऊन एका जागी थबकला आणि स्पीड मागून वाढत राहिला, तर सीव्हीटी. इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र सावकाश निघतेय असं वाटतं. हा दोष नाही, पट्टा आणि पुलीचा स्वभाव आहे. काटा चढतो, थोडा खाली येतो, पुन्हा चढतो आणि ओढ कुठे तुटत नाही, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा डीसीटी. (एएमटीत याच ठिकाणी ओढ क्षणभर थांबते आणि मान पुढे जाते.)

या दोघांत फरक करणं जरा कठीण. डीसीटीत काटा झटक्यात पडतो, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मऊपणे उतरतो. त्याहून खात्रीची जागा म्हणजे हलका चढ. मागे कोणी नाही हे बघून गाडी थांबवा, डीमध्येच ब्रेक सोडा. हिल होल्ड असेल तर ते पहिले दोन-तीन सेकंद गाडी धरतं, ते जाऊ द्या. त्यानंतर टॉर्क कन्व्हर्टर सहसा उभी राहते किंवा हळूच पुढे सरकते. डीसीटी थोडी मागे येऊ शकते. महाद्वार रोडसारख्या मुंगीच्या चालीच्या गर्दीत डीसीटी अधूनमधून झटके देते, तीही एक खूण.

मागच्या बॅजवर भिस्त ठेवण्याआधी कंपन्यांची नावं माहीत हवीत. एजीएस, इझी-आर, ऑटोशिफ्ट म्हणजे एएमटी. ह्युंदाईची आयव्हीटी म्हणजे सीव्हीटी. डीएसजी आणि टाटाची डीसीए म्हणजे डीसीटी. नुसतं एटी असेल तर बहुधा टॉर्क कन्व्हर्टर, पण चाचणी चुकवू नका. एकाच मॉडेलमध्ये गिअरबॉक्स बदललेलाही असतो: 2022 च्या आधीची ऑटोमॅटिक बलेनो सीव्हीटी, नंतरची एजीएस, स्लाव्हिया 1.0 मध्ये टॉर्क कन्व्हर्टर, 1.5 मध्ये डीएसजी. आरसीवरच्या मॉडेलच्या नावात बऱ्याचदा गिअरबॉक्सचं हे छोटं नाव सापडतं. ते आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेतलं स्पेसिफिकेशनचं पान जुळलं की शंका उरत नाही.

एवढी खटपट मुख्यतः ऑइलसाठी. उद्यमनगरातल्या मेस्त्रीला नुसतं "ऑटो गाडी आहे" सांगाल तर तो एटीएफ, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकचं ऑइल काढेल. सीव्हीटीत ते पडलं की पुलीवरची पट्ट्याची पकड बिघडते, पट्टा घसरून पुलीवर चरे पडतात, आणि मग अख्खा गिअरबॉक्स बदलायची वेळ येऊ शकते. एएमटीला मॅन्युअलचंच गिअर ऑइल लागतं. मारुतीच्या एजीएसमध्ये अ‍ॅक्च्युएटरचं ऑइल त्याहून वेगळं. डब्यावरचा ग्रेड माहितीपुस्तिकेशी ताडूनच ओतू द्या.

पार्किंगचंही तसंच. एएमटीला 'पी' नसतो, म्हणून पन्हाळ्यावर उतारावर लावताना ब्रेक दाबून हँडब्रेक ओढा. तोंड चढाकडे असेल तर डी, उताराकडे असेल तर आर टाका आणि मगच इंजिन बंद करा. एनमध्ये बंद केली तर सगळी मदार हँडब्रेकवर.

आणि गगनबावड्याच्या घाटात टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी बंद पडली तर दोरीने टोचन करू नका. इंजिन बंद असताना ऑइल पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग कोरडे फिरवतात. इंजिन जी चाकं फिरवतं ती उचलणारी क्रेन किंवा सपाट ट्रेलरच मागवा.