पाठीतलं पाणी, बोन मॅरो आणि मुलांची गुंगी: पर्याय कसा निवडायचा

ब्लड कॅन्सरच्या मुलांना पाठीतून केमोचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं; पाठीच्या कण्यातलं पाणी आणि बोन मॅरो (हाडातला मगज) तपासणीसाठी काढावे लागतात. पहिल्याच खेपेला धसका बसला की पुढच्या सगळ्या जड जातात. म्हणून डॉक्टर औषध सुचवतील तेव्हा आधी विचारा: याने नुसती गुंगी येते, की दुखणंही थांबतं?

मिडाझोलाम तोंडावाटे किलोमागे साधारण ०.५ मिलिग्रॅम, २०-३० मिनिटं आधी देतात. भीती उतरते, नंतर फारसं आठवत नाही. पण वेदना तशीच राहते. एवढ्यावरच बोन मॅरो काढणं म्हणजे मुलाला दाबून धरणंच.

सुन्न करणारं क्रीम (लिग्नोकेन-प्रिलोकेन) जाड थरात लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवा, किमान तासभर. घाईत वीसच मिनिटं ठेवलं तर उपयोग नाही. शिवाय सुन्न होते ती कातडी. हाडावरच्या पडद्यापर्यंत लिग्नोकेनचं इंजेक्शन लागतं, आणि मॅरो ओढतानाची कळ त्यानेही पूर्ण थांबत नाही. शांत, मोठ्या मुलाचं पाठीतलं पाणी काढायला क्रीम आणि मिडाझोलाम बऱ्याचदा पुरतं. बोन मॅरोसाठी पुढच्या दोन औषधांपैकी एक हवं.

केटामिन शिरेतून किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम, मिनिटभर सावकाश. भसकन ढकललं तर श्वास थांबू शकतो. वेदना थांबते, श्वास बहुधा चालू राहतो. लाळ, उलटी, उठताना भास हे त्रास होतात. स्वरयंत्र आवळलं जाणं क्वचित, पण गंभीर.

प्रोपोफॉलने मूल पटकन झोपतं आणि तरतरीत उठतं. मात्र त्यात वेदनाशमन नाही, म्हणून सोबत फेंटानिल हे वेदनाशामक देतात. श्वास थांबणं, बीपी उतरणं दोन्ही शक्य, भूलतज्ज्ञ हवेतच.

गुंगीआधी उपाशी ठेवण्याचा हिशेब: पाणी २ तास, आईचं दूध ४, वरचं दूध किंवा हलकं खाणं ६, तेलकट ८. चहा पाण्यात धरू नका, त्यात दूध असतं. नंबर दुपारचा असेल तर रात्रीपासून पाणी तोडू नका; शिरा सापडत नाहीत.

सर्दी, घोरणं, आडवं झाल्यावर धाप हे लपवू नका. पहिल्या गुंगीआधी छातीचा एक्स-रे पाहिलेला असावा: छातीत गाठ असेल तर गुंगीत श्वासनलिका दाबली जाते.

खोलीत ऑक्सिजन, सक्शन (लाळ-उलटी ओढणारं यंत्र), अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) आणि फक्त मुलाकडे लक्ष देणारी एक व्यक्ती हवी. सुई निघाली की टोचणं थांबतं, गुंगी उरते आणि श्वास मंदावतो. त्यामुळे मूल नीट जागं होईपर्यंत बोटावरचा ऑक्सिमीटर काढू देऊ नका.