मूतखड्याच्या ऑपरेशनआधी: कल्चरची डबी आणि एक इंजेक्शन

दुर्बिणीतून मूतखडा काढायची तारीख मिळाली की घरात रजा, डबा आणि मेडिक्लेमची धावपळ सुरू होते. लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) मात्र आदल्या दिवशी आठवतं. जंतू वाढून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं हे कळायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून नमुना आठवडाभर आधीच द्या.

आधी हात धुवा, मग लघवीची जागा पाण्याने स्वच्छ करा. पहिली धार सोडून द्या आणि मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. उकळून आणलेली लोणच्याची बरणी चालत नाही! डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवी, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. अँटिबायोटिक चालू असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना तसं सांगा.

रिपोर्टमध्ये जंतू निघालाच, तर तो बहुतेकदा ई. कोलाय (आतड्यात राहणारा जंतू) असतो. त्याखाली औषधांची यादी असते. ‘एस’ म्हणजे लागू पडतं, ‘आर’ म्हणजे पडत नाही. एरवी जळजळ किंवा ताप नसेल, तर लघवीत नुसते जंतू सापडले म्हणून सहसा औषध देत नाहीत (गरोदरपणाची गोष्ट वेगळी). इथे मात्र दुर्बिणीतून दाबाने पाणी सोडतात आणि त्याबरोबर जंतू रक्तात शिरू शकतात. म्हणून आधी इन्फेक्शनवर उपचार, मग ऑपरेशन. तारीख पुढे गेली तर कुरकुरू नका.

दाखल होताना मधुमेह, आधीचा स्टेंट (मूत्रनलिकेत बसवलेली बारीक नळी), अलीकडे घेतलेली अँटिबायोटिक्स, सगळं सांगा. पेनिसिलिनने कधी अंगावर पित्त उठलं असेल तर तेही. कल्चर स्वच्छ असलं तरी खड्याच्या पोटात जंतू लपलेले असू शकतात, त्यामुळे अँटिबायोटिकचा एक डोस देतातच. तो ऑपरेशनच्या आधी साधारण तासाभरात शिरेतून जातो, म्हणजे दुर्बीण आत जाताना औषध रक्तात हजर असतं. कल्चर स्वच्छ असेल तर बहुतेकांना तेवढं पुरतं. पुढे पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, तर ‘कशासाठी?’ असं विचारायला लाजू नका. मूत्राशयाची नुसती दुर्बिणीने तपासणी असेल, तर धडधाकट माणसाला बऱ्याचदा तो एक डोसही लागत नाही.

घरी आल्यावर लघवी लालसर होणं, स्टेंटमुळे जळजळणं हे काही दिवस चालतं. पण थंडी वाजून 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रिक्षा काढा.