झिप उघडली की फोल्डरात फोल्डर? पायथनमध्ये पाथ असा आवरा

समजा, ‘/होम/मीना/कामे/अहवाल’ या फोल्डरची झिप पायथनमधून करायची आहे. कोड चालतो, एररही येत नाही. समोरचा झिप उघडतो तर आत होम, त्यात मीना, त्यात कामे, आणि तेव्हा कुठे अहवाल.

झिपमध्ये आपल्या डोक्यातलं फोल्डरांचं झाड नसतंच. असते ती फायलींची नुसती रांग आणि प्रत्येकीवर चिकटवलेलं एक नाव. त्या नावात तिरकी रेघ दिसली की उघडणारा प्रोग्राम तिथे फोल्डर करतो. पायथनमध्ये झिप बनवणाऱ्या ‘झिपफाइल’च्या ‘राइट’ला फक्त पाथ (फायलीचा पूर्ण पत्ता) दिला, तर तोच नाव म्हणून चिकटतो, सुरुवातीची रेघ आणि विंडोजवरचं ड्राइव्हचं अक्षर तेवढं गळतं.

म्हणून कोड लिहिण्याआधी ठरवा: झिप उघडल्यावर ‘अहवाल’ फोल्डर दिसायला हवा की थेट फायली? माझं मत फोल्डरच्या बाजूने. सुट्या पन्नास फायली कुणाच्या डेस्कटॉपवर सांडल्या की शिव्या आपल्यालाच बसतात.

आता ‘ओएस.वॉक’ने फोल्डर फिरा. वॉक फायलीचं नुसतं नाव देतो, ते त्या-त्या फोल्डरच्या पाथला ‘जॉइन’ने जोडून पूर्ण पाथ करा. मग खरी ओळ (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत):

झेड.राइट(पूर्ण, आर्कनेम=रेलपाथ(पूर्ण, पाया))

इथे ‘झेड’ म्हणजे लिहायला उघडलेली झिप, ‘आर्कनेम’ म्हणजे झिपमध्ये चिकटवायचं नाव, ‘रेलपाथ’ म्हणजे पायापासून पुढचा पाथ, आणि ‘पाया’ म्हणजे कुठपासूनचा पाथ मोजायचा ते. ‘कामे’चा पाथ दिला तर अहवाल फोल्डर आत येतो, ‘अहवाल’चा दिला तर थेट फायली. कंटाळा करून आर्कनेममध्ये ‘बेसनेम’ (फायलीचं नुसतं नाव) देऊ नका. सगळे उपफोल्डर सपाट होतात, आणि एकाच नावाच्या दोन फायली असल्या तर पायथन फक्त इशारा देऊन दोन्ही आत घेतो. उघडताना हाती शेवटचीच लागते.

एवढं लिहायचं नसेल तर ‘शटिल.मेक_आर्काइव्ह’ आहे. त्यातले ‘रूट_डिर’ आणि ‘बेस_डिर’ भल्याभल्यांना गोंधळात टाकतात. रूट म्हणजे कुठे उभं राहायचं, बेस म्हणजे तिथून काय उचलायचं. रूट ‘कामे’, बेस ‘अहवाल’ दिलं की काम झालं. फायलीच्या नावाला ‘.झिप’ लावू नका, तो स्वतःच लावतो.

झिपसारखाच दुसरा प्रकार म्हणजे टार; तो बनवणाऱ्या ‘टारफाइल’चं ‘अ‍ॅड’ फोल्डर दिल्यावर आतलं सगळं घेतं. झिपफाइलचं ‘राइट’ मात्र फोल्डरची रिकामी नोंद करून मोकळं होतं. आणि झिप ज्या फोल्डरची करताय त्याच्या बाहेर बनवा, नाहीतर अर्धवट झिपच झिपमध्ये शिरू शकते.

पाठवण्याआधी ‘नेमलिस्ट’ (झिपमधल्या नावांची यादी) छापून बघा. पहिलंच नाव ‘होम/’ने सुरू झालं, तर आर्कनेम कुठेतरी राहिलाय.