सिग्मॉइड फंक्शन संपूर्ण ॲरेवर कसे लावावे

न्यूरल नेटवर्कच्या थरातून येणारी संख्या कितीही मोठी असो वा लहान, सिग्मॉइड फंक्शन तिला ० आणि १ यांच्या दरम्यान आणून बसवते. त्याचे सूत्र एका ओळीत मावते: ई या गणिती स्थिरांकाला उणे क्ष (क्ष म्हणजे इनपुट संख्या) हा घात द्यावा, त्यात १ मिळवावा आणि येणाऱ्या संख्येने १ ला भागावे. कागदावर हे सूत्र प्रत्येक वास्तव संख्येला लागू पडते. संगणकात मात्र संख्या साठवण्याची जागा ठरावीक असते, आणि हजारो संख्यांच्या ॲरेत, म्हणजे एकत्र मांडलेल्या संख्यांच्या संचात, दोन-चार तरी अशा निघतात की ज्यांच्यामुळे सूत्राची ही ओळ अडखळते.

पहिली गोष्ट म्हणजे पायथनच्या मॅथ मॉड्यूलमधील एक्स्प हे ई चा घात काढणारे फंक्शन इथे उपयोगाचे नाही, कारण ते एका वेळी एकच संख्या घेते आणि अनेक घटकांचा ॲरे दिल्यास टाइप एरर येते. यावर उपाय म्हणून फॉर लूप लिहू नये आणि नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतील व्हेक्टराइजचाही आधार घेऊ नये. नावावरून ते वेगवान वाटले तरी आतून तो जवळपास लूपच असतो. नमपायचे स्वतःचे एक्स्प वापरले की बेरीज, भागाकार आणि घात या सगळ्या क्रिया प्रत्येक घटकावर आपोआप होतात आणि ॲरेचा आकार, मग तो एका मितीचा असो की चार, जसाच्या तसा राहतो. इनपुट साधी लिस्ट असण्याची शक्यता असेल, तर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ॲसॲरे वापरून तिचा ॲरे करून घ्यावा.

ॲरेच्या प्रकाराकडे याच टप्प्यावर लक्ष द्यावे. पूर्णांकांचा ॲरे एक्स्पला दिला, तर उत्तर सहसा ६४ बिटी दशांश संख्यांत येते आणि काही बिघडत नाही. पण उत्तरासाठी झीरोज-लाइक (दिलेल्या ॲरेसारखाच, पण शून्यांनी भरलेला ॲरे बनवणारे फंक्शन) वापरून आधीच रिकामा ॲरे तयार केला असेल, तर तोही पूर्णांकांचाच बनतो; मग ०.९५२६ ही किंमत त्यात ठेवताच दशांश भाग गळून पडतो आणि तिथे ० दिसतो. कोणतीही एरर येत नाही, वॉर्निंगही येत नाही, आणि म्हणूनच ही चूक शोधायला फार अवघड जाते. रिकामा ॲरे करायचाच असेल, तर त्याचा प्रकार स्पष्टपणे लिहावा.

आता मुख्य अडचणीकडे वळू. उणे १००० या इनपुटसाठी सूत्र ई चा १००० वा घात मागते. ६४ बिटी संख्येत घात सुमारे ७०९ च्या पुढे गेला की उत्तर अनंत होते, ३२ बिटी संख्येत ही सीमा ८८ च्या आसपास असते, तर १६ बिटीत ती ११ च्या थोडी पुढेच येते. अनंताने १ ला भागले की ० मिळतो, म्हणजे उत्तर बरोबर येते, पण ओव्हरफ्लोची, म्हणजे संख्या साठवण्याच्या मर्यादेबाहेर गेल्याची, वॉर्निंगही येते. सूत्राचे दुसरे रूप, म्हणजे ई चा क्षवा घात भागिले १ अधिक तोच घात, वापरले तर धन बाजूला अनंत भागिले अनंत होऊन थेट नॅन (‘संख्या नाही’ अशी खूण) मिळते, आणि एकदा नॅन शिरले की पुढचे सगळे थर बिघडतात. अनेक जण इनपुटला उणे ५०० ते ५०० मध्ये क्लिप करतात, म्हणजे या सीमांबाहेरच्या संख्या सीमेवर आणून ठेवतात. ६४ बिटीत त्याने काम भागते, पण तोच कोड ३२ बिटी ॲरेवर चालवला की वॉर्निंग परत येते, म्हणून मी हा उपाय सुचवत नाही.

योग्य मार्ग असा, की घातात धन संख्या कधी जाऊच द्यायची नाही. प्रथम क्षचे निरपेक्ष मूल्य घेऊन त्याला उणे करावे आणि त्याचा एक्स्प काढून झेड या नावाने ठेवावा. झेड कधीही १ पेक्षा मोठा होत नाही. मग जिथे क्ष शून्य किंवा धन आहे तिथे १ भागिले १ अधिक झेड, आणि जिथे ऋण आहे तिथे झेड भागिले १ अधिक झेड, अशी निवड नमपायच्या व्हेअर या अटीनुसार निवड करणाऱ्या फंक्शनने करावी. झेड आधी काढणे इथे महत्त्वाचे आहे, कारण व्हेअरला दिलेल्या दोन्ही शाखांचे गणित संपूर्ण ॲरेवर आधीच होऊन जाते आणि निवड नंतर होते. मूळ दोन सूत्रे तशीच दोन शाखांत लिहिली तर वॉर्निंग टळत नाही. सायपाय ही पायथनची शास्त्रीय गणिताची लायब्ररी उपलब्ध असेल, तर त्याच्या स्पेशल मॉड्यूलमधील एक्सपिट हे तयार फंक्शन सरळ वापरावे.

तरीही एक मर्यादा उरते. ६४ बिटी गणितात क्ष ३७ झाला की सिग्मॉइडचे उत्तर गोलाईमुळे नेमके १ होते, आणि ३२ बिटीत तर १७ लाच. पुढे लॉस, म्हणजे नेटवर्कचे उत्तर किती चुकले याचे माप, काढताना १ मधून हे उत्तर वजा करून लॉगॅरिदम घेतला, तर उणे अनंत हाती येते. म्हणून लॉस सिग्मॉइडच्या उत्तरावरून न काढता मूळ क्षवरून काढावा: क्ष आणि ० यांतील मोठी संख्या घ्यावी, तीतून क्ष आणि लेबल (० किंवा १ हे खरे उत्तर) यांचा गुणाकार वजा करावा, आणि १ अधिक झेड याचा लॉगॅरिदम नमपायच्या लॉग-वन-पी या फंक्शनने काढून मिळवावा. पायटॉर्च या न्यूरल नेटवर्कच्या लायब्ररीतील बीसीई विथ लॉजिट्स लॉस याच कारणासाठी आहे; सिग्मॉइड त्यातच अंतर्भूत असते. त्याला सिग्मॉइड लावलेले आकडे देऊ नयेत.

तपासणीसाठी उणे १०००, उणे २, ०, ३ आणि १००० असा छोटा ॲरे पुरतो. उत्तरे अनुक्रमे ०, ०.११९२, ०.५, ०.९५२६ आणि १ यायला हवीत, आणि क्षचे उत्तर व उणे क्षचे उत्तर यांची बेरीज गोलाईची किरकोळ चूक वगळता १ भरली पाहिजे. ही चाचणी नमपायच्या एररस्टेटच्या (गणिती चुकांवर काय करायचे ते ठरवणाऱ्या सोयीच्या) आत चालवून ओव्हरफ्लो आणि अवैध क्रिया यांवर एरर उठवायला सांगावे. अंडरफ्लोवर, म्हणजे संख्या फारच लहान होण्यावर, मात्र उठवू नये, कारण ई चा उणे १००० वा घात शून्य होणे इथे अपेक्षितच आहे. ३२ बिटी ॲरे देऊन हीच चाचणी पुन्हा करावी आणि उत्तराचा प्रकारही ३२ बिटीच राहिला आहे ना, हे पाहावे.